मेलेल्या जंतूंशी भांडण

वन्सं, परवा तुमच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येक बाईला मी तेच सांगत होते. त्या रोगानं नाही गेल्या त्या. रोग कधीचा बरा झाला होता. बायका मान हलवायच्या, "हाँ हाँ, समझ गए बहू" म्हणायच्या, आणि मी चहाचा कप पुढे केला की "अभी पीकर आए हैं" म्हणून हात मागे घ्यायच्या. शेवटी ट्रे तसाच परत आला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मेधा, कशाला डोकं फोडतेस, चाय तू पिऊन घे." मी प्यायले. गार झाला होता.

'पिऊन घे', 'करून घे', 'सांगून दे'. लग्न होऊन अकोल्याहून झाशीला आले तेव्हा तुमच्या ह्या मराठीला मी तोंडावर पदर धरून हसायची. तुमच्या घरात नवऱ्याच्या बहिणीला अजून 'वन्सं' म्हणतात हे ऐकून तर मला एखाद्या जुन्या नाटकात शिरल्यासारखं वाटलं होतं. माझ्या आजीनंही तो शब्द टाकून दिला होता. तुम्ही म्हणालात, "आमच्या खापरपणज्यांनी तलवारीसोबत जी मराठी आणली, तीच वापरतो बाई. नयी कौन लाकर देगा इधर?" आता ह्या घरात त्या शब्दाला ओ देणारं कुणी नाही. मला दुसरी नणंद नाही.

तुम्ही लग्न केलं नाहीत. सीपरी बाजारात आमच्या घराखालच्या गाळ्यात साड्यांना फॉल लावायचं, पिकोचं तुमचं दुकान. दिवाळीच्या आधीची ती दुपार मला स्पष्ट आठवते. मोतिया रंगाची साडी होती कुणा गिऱ्हाइकाची, आणि फॉलवर लाल ठिपके उमटत होते. तुम्ही साडी उलटीपालटी करून शोधत होतात, "हे खून कुठून येतंय?" सगळीकडे पाहिलंत, फक्त स्वतःच्या हाताकडे नाही. सुई तुमच्या करंगळीत अर्धी रुतलेली होती. मी ती उपसली आणि तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात, कारण तुम्हाला ते कळलंच नव्हतं.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे ह्याच, कुष्ठरोगाच्या, काचा तपासायला येतात, हा योगायोग म्हणा नाहीतर दैवाची खोडी. तुमच्या कानाच्या पाळीतून घेतलेल्या द्रावाची काच मीच पाहिली. लाल काड्या, जुड्याच्या जुड्या. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही रडला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "वहिनीला कोण सांगणार?"

वहिनी म्हणजे तुमच्या थोरल्या भावाची बायको, माझ्या जाऊबाई. देव त्यांच्याकडे. भाद्रपदात महालक्ष्म्या त्यांच्याकडे बसतात, आणि तुम्हाला कळायला लागल्यापासून दोघींना साड्या तुम्हीच नेसवत आला होतात. लोखंडी स्टँडवर साडी अशी बसवायच्या की आत बाई उभी आहे असं वाटावं. त्या दिवसांत तुम्ही दुकान बंद ठेवायचात. गिऱ्हाइकांना सांगायचात, "मायके जा रही हूँ." दोन गल्ल्या पलीकडे तर ते घर.

जाऊबाईंना सांगावं लागलंच. सीपरीत कुणी पाहू नये म्हणून तुम्ही बस धरून चिरगावच्या सरकारी दवाखान्यातून औषध आणायचात, आणि चिरगावच्या बसमध्येच जाऊबाईंचा भाचा भेटला. झाशीत गुपित ठेवायचं तर माणसानं झाशीतच राहावं, हे तेव्हा आपण दोघी शिकलो. जाऊबाई ओरडल्या नाहीत. त्या डबे पाठवू लागल्या. कढी, वडे, सणाला पुरण. आणि डब्यासोबत निरोप, "डबा परत करायची घाई नाही." मग एकदा, "डबा राहू दे तिकडेच." आपल्या स्वयंपाकघरात त्यांच्या डब्यांची उतरंड झाली. तुम्ही म्हणायचात, "वहिनी आहे चांगली. बर्तन की दुकान करवा देगी मेरी." त्यांच्या घरात नात लहान होती, त्यांना भीती होती, हे मला कळत होतं. औषध सुरू झाल्यावर हा रोग दुसऱ्याला होत नाही, हे मी त्यांना समजावून समजावून थकले. त्या म्हणायच्या, "तू शिकलेली आहेस, तुझं बरोबरच असेल." असं म्हणणाऱ्या माणसापुढे काही चालत नाही.

वर्षभर तुम्ही औषध घेतलंत. एका गोळीनं अंग काळपट तांबूस झालं. तुम्ही म्हणालात, "चलो, गोरी म्हणून लग्नाला कोण खोळंबलंय." शेवटचं पाकीट संपलं त्या दिवशी तुम्ही माझ्या नवऱ्याला, नंदूला, जिलब्या आणायला धाडलंत, धाकट्या भावाला अजून शाळकरी असल्यासारखं. काचेवर पाहिलं तर लाल काड्या तुटलेल्या, कणाकणांच्या. मेलेल्या. मी तुम्हाला मिठी मारली आणि म्हटलं, संपलं.

संपलं नव्हतं. काही महिन्यांनी तुम्हाला ताप भरला आणि दंडांवर, पोटऱ्यांवर, चेहऱ्यावर लाल गाठी उठल्या. हात लावला तरी कळ जायची. कोपराजवळची नस दोरीसारखी फुगली. ज्या हाताला सुई कळत नव्हती त्याला आता चादर सोसेना. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "परत आला."

तिथून आपला वाद सुरू झाला. तो अजून संपलेला नाही, म्हणून तर हे लिहितेय.

मी म्हटलं, रोग परत आलेला नाही. जंतू मेलेत, पण त्यांची मढी कातडीत, नसांत तशीच पडून आहेत. शरीराला ती बाहेर टाकायला वर्षं लागतात. रोग जोरात होता तेव्हा तुमच्या पेशी झोपल्यासारख्या होत्या, जंतूंना त्यांनी हटकलंच नाही. आता त्या जाग्या झाल्यात. रक्तातल्या काही पेशी हाकारे घालतात, मग पांढऱ्या पेशी जथ्यानं धावून येतात, आणि मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर तुटून पडतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी ताप चढतो, गाठी येतात, आणि मध्ये सापडलेली नस जळते. तुमचेच सैनिक आहेत हे, मी म्हटलं.

तुम्ही उठून बसलात. "सैनिक म्हणू नकोस. आमच्या घराण्याला सैनिक माहीत आहेत. पगार थकला की ते मालकाचंच घर लुटतात." मग जरा वेळानं, तापातच, "पण मला एक सांग. जंतू मेलेत ना? मग ह्यांना कुणी सांगत का नाही?"

वन्सं, दुनियाभरची माणसं हाच प्रश्न विचारत बसली आहेत. आवरतं घ्या, असं सांगणाऱ्या पेशीही शरीरात असतात, असं मी म्हटलं. पण अशा दुखण्यात त्या कमी पडतात असं दिसतं. का कमी पडतात, एकाला गाठी येतात आणि दुसऱ्याला का नाही, बरं झाल्यावरच हे का उसळतं, ते धड कुणाला ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणजे घरात भांडण लागलंय आणि 'बस झालं' म्हणणारं मोठं माणूस नाही." मी म्हटलं, तसंच काहीसं. तुम्ही हसलात, "मग डॉक्टरीनीला सांग, ही बीमारी नाही. हे कुटुंब आहे."

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी स्टिरॉइडची गोळी सुरू केली. जादूच ती. दोन दिवसांत ताप उतरला, गाठी विरल्या. गोळी कमी करायला घेतली की पुन्हा उठायच्या. पुन्हा वाढवायची, पुन्हा हळूहळू उतरवायची. दुसरी औषधंही दिली, ती थोडी लागू पडली, पुरती नाही. असं होता होता वर्षं गेली. उजव्या हाताची दोन बोटं आत वळली ती वळलीच. चेहरा पुरीसारखा फुगला. आरशात बघून तुम्ही म्हणायचात, "जवानी में किसी ने नहीं कहा, अब हुई चाँद का टुकड़ा." मॅडम दर खेपेला बजावायच्या, "ये गोली अपने मन से कभी बंद मत करना. शरीर अपना वाला स्टिरॉइड बनाना भूल गया है. एकदम छोड़ोगी तो सँभल नहीं पाओगी." तुम्ही "जी, जी" म्हणायचात. समजायचं सगळं तुम्हाला. तुम्ही अडाणीपणानं गेलात असं कुणी म्हटलं तर मी त्याचं तोंड बंद करीन.

ह्या सगळ्या वर्षांत तुम्ही महालक्ष्म्यांना हात लावला नाहीत. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "देवाचं काम आहे वन्सं. गोळ्या बंद झाल्या की या. तुमचंच आहे सगळं." गोळी चालू म्हणजे रोग चालू, हा त्यांचा हिशोब. मी जाऊन सांगितलं, ताई, रोगाच्या गोळ्या केव्हाच संपल्या, ही वेगळी गोळी आहे, ही तर स्वतःच्याच रक्ताला शांत करायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे रक्तात अजून आहेच ना काहीतरी." होतंच काहीतरी. मी शिकवलेलं विज्ञान त्यांनी माझ्याच पदरात टाकलं.

महालक्ष्म्यांचे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे. तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, वळलेल्या बोटांनी फोटो मोठा करून बघायचात. "निऱ्या बघ. जणू कुणी गठरी बांधली. धाकटीचा पदर बघ, पडला." दिवसभर तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडायचात. एकदा चिडून मी म्हटलं, एवढं वाटतं तर खोटं बोला. सांगा गोळी बंद झाली. तुमच्या तोंडात कोण डोकावून बघणार आहे? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी काही घाणेरडं बोलले असावे. "देवीसमोर उभं राहायचंय मला. तिच्याशी खोटं बोलून तिला काय नेसवू?"

ह्या वर्षी श्रावणात जाऊबाईंचा फोन आला. त्यांची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि त्यांचे गुडघे धरले होते. त्यांनी विचारलं असणार, गोळी बंद झाली का. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की आवाहनाच्या चार दिवस आधी तुम्ही पिशवी भरून निघालात, गोळ्यांचा डबा माझ्यासमोर पिशवीत टाकलात, आणि जिन्यावरून तरण्या पोरीसारख्या उतरलात. मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं शेवटी माझं, शिकल्या खोटं बोलायला.

पूजेच्या दिवशी दुपारी मी आणि नंदू जेवायला आलो. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, चेहरा राखेसारखा. जाऊबाई म्हणाल्या, "उपास धरलाय वन्सांनी, पोटात काही टिकत नाही सकाळपासून." तरी तुम्ही माझा हात धरून उठलात आणि मला आधी महालक्ष्म्यांपुढे नेलंत. एकीला हिरवी, एकीला जांभळी. एवढ्या सुंदर साड्या नेसलेल्या जिवंत बायकाही मी पाहिल्या नाहीत. दोन बोटं मिटलेल्या हातानं तुम्ही त्या निऱ्या कशा घातल्यात मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, "जमलं की नाही?" मी म्हटलं, जमलं. मग माझ्या कानाशी येऊन, चोरून मिठाई खाल्ल्यासारखं, "गोळी बंद केली. त्यांनी विचारलं, आता खरंखरं सांगता आलं."

मी विचारलं, कधीपासून? तुम्ही म्हणालात, इकडे यायच्या आधीच. मी म्हटलं, मॅडमनी काय सांगितलं होतं, आठवतं का? "सगळं आठवतं. देवीचे दिवस निघून जाऊ दे, मग घेऊन घेईन." आणि तुम्ही खाली बसलात, बसलात म्हणजे घसरलात.

रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात मी ओरडून सांगितलं, स्टिरॉइड अचानक बंद केलंय. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. त्यांनी काही कसर ठेवली नाही. रक्तदाब सावरायचा आणि पुन्हा ढासळायचा. छातीत जंतुसंसर्ग झाला होता. आणि अंगभर गाठी उठल्या. इतक्या वर्षांत एकदम एवढ्या कधी आल्या नव्हत्या. तुमच्या पेशींना मोकळं रान मिळालं होतं. मी खाटेशी बसून त्या गाठींकडे बघत राहायची. मला त्यांतल्या एकेका पेशीचं नाव येतं, वन्सं. काय उपयोग.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हालाच सांगते. दोन साड्यांसाठी? दवाखान्यात शुद्ध आली की तुम्ही खूश दिसायचात, ते मला सहन होत नव्हतं. "विसर्जन झालं का नीट? साडी कुणी उतरवली?" मी म्हटलं, ताईंनी, घडी करून ठेवल्या. मी काही तिथे नव्हते, पण मला खोटं बोलता येतं. तुम्ही म्हणालात, "पिना मोजून काढायला सांग, एखादी राहते." त्यानंतर तुम्ही कुणाशी काही बोलला नाहीत. शेवटचे दिवस नुसतं यंत्र वाजत होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी जाऊबाई आल्या. रडल्या, खऱ्या रडल्या, माझ्याहून जास्त. जांभळी साडी पिशवीत घालून आणली होती. "देवीच्या अंगावरची आहे. माहेरवाशिणीचा मान असतो, वन्सांना नेसवा." तो मान होता की त्यांच्या डब्यांसारखीच ती साडी त्यांना घरात परत नको होती, मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल. तुम्हाला तीच नेसवली. निऱ्या मला धड जमल्या नाहीत. नंदू म्हणाला, राहू दे आता. मी पुन्हा सोडून पुन्हा घातल्या, तरी नाही जमल्या.

आज कामावर गेले. तुम्ही खेपेखेपेला जे रक्त देत होतात, "घे बाई, तुमच्या विद्येला लागलं तर लागू दे" म्हणून, त्यातल्या काही पेशी आमच्याकडे गोठवून ठेवलेल्या आहेत. त्या उबेत आणून त्यांना मेलेल्या जंतूंचा अंश द्यायचा आणि काय करतात ते बघायचं, हे माझं काम. आज तुमच्या होत्या. मला वाटलं होतं उठणार नाहीत. उठल्या. कशाशी भांडतायत, कुणासाठी, काही ठाऊक नसताना त्या काचेच्या ताटलीत तशाच पेटल्या. आकडे आले ते मी नोंदवले. ह्यातून कधीतरी एखादं चांगलं औषध निघेल असं आम्ही एकमेकांना सांगतो. निघेलही. झाशीबाहेर बिजौलीच्या कारखान्यात काम करून, सुटल्यावर दवाखान्यात येणाऱ्या एखाद्या बाईला ते मिळेलही. तिलाही कुणीतरी विचारेल, गोळी बंद झाली का. त्यावर औषध आमच्या ताटलीत नाही.

'ह्यांना कुणी सांगत का नाही' ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी शोधत नाहीये. मी नुसती कामावर जाते. तुमचं दुकान बंद आहे, गिऱ्हाइकं अर्धवट साड्या मागायला येतात, नंदू त्यांना वर न बोलावता खालूनच देऊन टाकतो. तुम्ही होतात तोवर ह्या परक्या गावात मला कुणीतरी मराठीत चिडवणारं होतं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही ऐकून "पागल" म्हणाला असतात.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, सुनेला मुलगा झाला ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मेधा, पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्यांना साड्या तूच नेसव. वन्सांचं बघून बघून तुझा हात बसला असेल. आता घरात दुसरं आहे कोण?" मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. नाही म्हणायला जोर लागतो, तो नव्हता. आणि त्यांनी हळूच विचारलं, "तुझी काही गोळी-बिळी चालू नाही ना ग?"

मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. आजही घेतली होती.

"नाही ताई," मी म्हटलं, आणि त्या "बरं" म्हणाल्या. इतकं सोपं होतं, वन्सं.